दुरुस्ती कोणी करायची? भाडेकरूचा हक्क आणि प्रकाशासारखी गावे

घर भाड्याने घेताना भाडे किती आणि कोणत्या तारखेला द्यायचे हे पहिल्याच बैठकीत ठरते. अनामत किती, वीजबिल कोणाकडे, पाहुणे आले तर चालतील का, हेही बोलून होते. छप्पर गळले तर कोण बघणार, हे मात्र बहुतेक वेळा ठरतच नाही. मग पहिल्या मोठ्या पावसात भिंतीला ओल चढते, भाडेकरू मालकाला फोन करतो, मालक ‘बघू, पावसाळा उलटू दे’ म्हणतो, आणि पावसाळा उलटल्यावर तो विषयही मागे पडतो. दोन-तीन वर्षांत ओलीचे पोपडे होतात, पोपड्यांमागून सळई दिसू लागते, आणि जी दुरुस्ती चार पोती सिमेंटात झाली असती ती स्लॅब उतरवण्यापर्यंत जाते.

शहादा तालुक्यातले प्रकाशा हे या प्रश्नाकडे पाहण्यासाठी योग्य गाव आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावर वसलेले, केदारेश्वरामुळे ‘दक्षिण काशी’ म्हणून खानदेशाला परिचित असलेले हे गाव. देवदर्शनाला आणि नदीकाठच्या धार्मिक विधींसाठी इथे बाहेरून माणसे येतात, त्यामुळे पूजासाहित्याची, चहा-फराळाची दुकाने चालतात. नंदुरबार-शहादा रस्त्यावरचे गाव म्हणून बाजारही आहे. अशा गावात शिक्षक, आरोग्यसेविका, बँकेचे कर्मचारी, गाळ्यात दुकान थाटलेले व्यापारी, हातावर पोट असलेली कुटुंबे भाड्याने राहतात. गाव मोठे आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा आहे. भाडेकरूच्या हक्कांबद्दल जे काही छापून येते ते मुंबई-पुण्याच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. गावातल्या भाडेकरूला त्यातले किती लागू पडते, हे कोणी सांगत नाही. या लेखाचा प्रयत्न तेवढ्यासाठी आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो: दुरुस्तीचा हक्क आपल्या कायद्यात आहे आणि तो बऱ्यापैकी भक्कम आहे, पण तो गावाच्या नावावर आणि हातातल्या कागदावर अवलंबून ठेवला आहे. कागद भाडेकरूने सांभाळायचा आहे. गावाच्या नावाची अट सरकारने काढायची आहे.

घरे का खचतात

तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर ही हालचाल थेट भिंतीत उतरते. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, ती गिलाव्याने बुजवली तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. जुन्या धाब्याच्या घरांना दरवर्षी पावसाआधी माती टाकावी लागते. एक-दोन वर्षे ती चुकली की पाणी लाकडी तुळईपर्यंत पोचते आणि तुळई आतून कुजू लागते. पत्र्याच्या घरात पत्रा सडण्याआधी हुकांची भोके मोठी होतात. स्लॅबच्या घरात गच्चीवर पाणी साचते, ते सळईला गंजवते, गंजलेली सळई फुगते आणि खालचा गिलावा ढकलून पाडते.

त्यात नदी आहे. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजमधूनही पाणी सोडावे लागते आणि काठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो. नदीकाठच्या सखल भागातल्या घरात एकदा पाणी शिरले तर मातीच्या भिंतीचा पाय पुढे कित्येक महिने ओला राहतो.

ही कारणे सांगण्याचा हेतू असा की यातली जवळजवळ सगळी कामे घराच्या अंगाची आहेत: पाया, भिंत, तुळई, छप्पर, गच्ची. ती भाडेकरूच्या वापराने बिघडत नाहीत आणि भाडेकरूच्या ऐपतीत बसतही नाहीत. बटण बदलणे, मोरीची जाळी साफ करणे, नळाची चकती घालणे हे राहणाऱ्याचे काम आहे, याबद्दल फारसा वाद होत नाही. वाद होतो तो घराच्या अंगाबद्दल.

कलम १४ : मालकाचे कर्तव्य

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याआधी मुंबई इलाख्याच्या भागात १९४७ चा भाडे कायदा चालत होता आणि त्यातही दुरुस्तीचे कलम होते. आजच्या कायद्याचे कलम १४ सांगते की भाडेकरूने उलट करार केलेला नसेल तर जागा चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे.

मालकाने ते केले नाही तर काय, याचेही उत्तर त्याच कलमात आहे. भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून, मालकाला टपालाने वा अन्य रीतीने नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती स्वतः करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा किंवा मालकाकडून वसूल करायचा. त्यासाठी आधी कोर्टाची परवानगी आणण्याची अट नाही. खर्चाचा हिशेब आणि पावत्या भाडेकरूने ठेवायच्या. तो हिशेब हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि मालकावर बंधनकारक असतो. खेड्यातल्या भाडेकरूच्या हातात इतके थेट साधन दुसरे क्वचितच असेल.

मर्यादा एकच, पण मोठी आहे. कोणत्याही एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. समजा दरमहा भाडे २,००० रुपये आहे. वर्षाचे २४,००० झाले, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ६,००० वळते करता येतील. पत्रे बदलायला १५,००० लागले तर पहिल्या वर्षी ६,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ३,००० असा हिशेब होतो. तोवर पैसे भाडेकरूचे अडकतात.

म्हणून एकत्र येण्याला महत्त्व आहे. एका वाड्यात तीन भाडेकरू आहेत आणि त्यांची भाडी १,५००, २,००० आणि २,५०० आहेत असे धरू. सामाईक छपराच्या दुरुस्तीला १२,००० लागले, तर भाड्याच्या प्रमाणात वाटे ३,०००, ४,००० आणि ५,००० असे पडतात. प्रत्येकाची वर्षाची मर्यादा अनुक्रमे ४,५००, ६,००० आणि ७,५०० आहे, म्हणजे सगळी रक्कम त्याच वर्षात फिटते. अशा सामाईक दुरुस्तीच्या खर्चावर वर्षाला १५ टक्के सरळव्याज धरण्याचीही तरतूद आहे. एकट्याने नोटीस दिली की मालकाचा राग एकट्यावर निघतो. तिघांनी मिळून दिली की बोलणे दुरुस्तीवर राहते.

हा कायदा आपल्या गावाला लागू आहे का?

हा प्रश्न भाडेकरू विचारत नाहीत आणि सल्ला देणारेही विसरतात. १९९९ चा कायदा महाराष्ट्राच्या प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. त्याच्या कलम २ प्रमाणे तो अनुसूचींमध्ये नोंदलेल्या भागांना लागू होतो, आणि राज्य सरकार अधिसूचना काढून तो इतर भागांना लागू करू शकते. त्यामुळे प्रकाशाच्या, किंवा कोणत्याही गावच्या, भाडेकरूचे पहिले काम म्हणजे आपला भाग अनुसूचीत किंवा नंतरच्या अधिसूचनेत येतो का, हे शहाद्याच्या वकिलाकडून किंवा तालुका विधी सेवा समितीकडून खात्रीने विचारून घेणे. पुढची सगळी वाट या उत्तरावर ठरते.

भाग अनुसूचीत असला तरी काही जागा कायद्याबाहेर राहतात. सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. ग्रामपंचायतीने बांधलेल्या व्यापारी संकुलातला गाळा या अपवादात जातो. गळका पत्रा ग्रामपंचायतीचा असेल तर दुकानदाराला कलम १४ चा आधार नाही. त्याने गाळ्याचा करार, ग्रामपंचायतीचा ठराव आणि ग्रामसभा यांतूनच दाद मागायची.

दुसरा अपवाद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा. अकरा महिन्यांचा हा करार आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू ठरत नाही, परवानाधारक ठरतो, आणि कलम १४ त्याच्या कामाचे नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मात्र मालकावर दोन बंधने घालतो: आपल्याला माहीत असलेला आणि समोरच्याला माहीत नसलेला धोकादायक दोष सांगणे, आणि जागा धोकादायक होईल असे काही न करणे. मोडके दुरुस्त करून देण्याचे बंधन हवे असेल तर ते करारात लिहून घ्यावे लागते. ‘छप्पर, भिंती, गच्ची, पाण्याची आणि विजेची मुख्य जोडणी यांची दुरुस्ती मालक करील’ एवढे एक वाक्य सही करण्यापूर्वी घालून घ्या. नंतर घालायला कोणी तयार होत नाही.

अनुसूचीबाहेरच्या गावात काय उरते?

तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. त्याच्या कलम १०८ मध्ये मालक आणि भाडेकरू यांचे एकमेकांशी असलेले हक्क आणि कर्तव्ये दिली आहेत. मालकाने दुरुस्ती करण्याचे पत्करलेले असेल आणि नोटीस देऊनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापू शकतो. इथे एक-चतुर्थांशाची मर्यादा नाही. पण ‘पत्करलेले असेल तर’ ही अट मोठी आहे. करारात काहीच लिहिले नसेल तर मालकावर दुरुस्तीचे सर्वसाधारण बंधन हा कायदा टाकत नाही.

त्यातली एक जागा गावकऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. कलम १०८ चे नियम ‘विरुद्ध करार किंवा स्थानिक रूढी नसेल तर’ लागू होतात. म्हणजे गावची रीत कायद्याला मान्य आहे. धाब्यावर माती मालकाने टाकायची, शेणसारवण राहणाऱ्याने करायचे, अशी रीत गावोगावी असते. ती तोंडी राहिली तर कोर्टात सिद्ध करायला साक्षीदार शोधावे लागतात. दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या केल्या तर ती करार बनते.

अनुसूचीबाहेरच्या गावातली खरी अडचण दुरुस्तीपेक्षा मोठी आहे. महिना-महिना चालणारी राहण्याची किंवा दुकानाची भाडेदारी या कायद्याखाली पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. भाडे नियंत्रण कायदा असलेल्या भागात भाडे देणाऱ्या भाडेकरूला कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय काढता येत नाही. अनुसूचीबाहेर तसे संरक्षण नाही. तिथल्या भाडेकरूने छपराची तक्रार केली की उत्तरादाखल घर सोडण्याची नोटीस येऊ शकते, आणि ही भीती माणसाला गप्प बसवते. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: नोटीस दिली म्हणून मालकाला सामान बाहेर काढता येत नाही. बळजबरीने ताबा काढून घेतला तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो.

भाडे थांबवू नका

दुरुस्ती होत नाही म्हणून भाडे बंद करणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कलम १४ भाडे थांबवायला सांगत नाही. ते ठरावीक मर्यादेत, केलेल्या खर्चापोटी वजावट करायला सांगते. पूर्ण भाडे थांबवले की भाडेकरू थकबाकीदार होतो आणि मालकाच्या हाती घर रिकामे करून घेण्याचे कारण येते. भाडे नियंत्रण कायद्यात थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस दिल्यानंतर नव्वद दिवस वाट पाहिल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह भरून जागा वाचवता येते. ही संधी आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये.

भाडे बँक खात्यात किंवा यूपीआयने द्या. मालक रोखच मागत असेल तर पावती घ्या. भाडेपावती देणे या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने पार पाडली नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘माझ्याकडे कागदच नाही’ म्हणून हताश होणाऱ्या भाडेकरूला हे कलम माहीत असायला हवे.

दुरुस्तीची नोटीस साध्या मराठीत, हाताने लिहिलेली असली तरी चालते. तिच्यात पुढील मजकूर पुरेसा आहे:

‘आपल्या मालकीच्या घरातील दोन खोल्यांत मी दरमहा अमुक रुपये भाड्याने राहतो. अमुक महिन्यापर्यंतचे भाडे दिलेले आहे. मागच्या खोलीच्या स्लॅबचा गिलावा सुटून सळई उघडी पडली आहे आणि पूर्वेकडची भिंत छतापर्यंत ओली आहे. फोटो सोबत जोडले आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. न केल्यास मी ती करून घेऊन, पावत्यांनुसार झालेला खर्च कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत भाड्यातून वळता करीन.’

नोटीस पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवायची आणि तिची प्रत व पोचपावती एकत्र ठेवायची. फोटो काढलेला मोबाइल बदलला तरी मूळ फोटो जपायचे, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात मांडताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. गवंडी पावती देत नसेल तर काम, मजुरी, तारीख लिहून त्याची सही घ्यायची. सिमेंट, पत्रे, पाइप यांची दुकानाची बिले आपल्या नावाने घ्यायची. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाबरोबर भोगवटादाराचाही रकाना असतो. तिथे आपले नाव आहे का हे बघून ठेवावे.

दुरुस्ती करताना हद्द ओलांडायची नाही. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के नवे बांधकाम केले तर तेच जागा रिकामी करून घेण्याचे कारण होते. सडलेला पत्रा बदलणे ही दुरुस्ती आहे. त्याच जागी नवा माळा चढवणे ही दुरुस्ती नाही. तसेच मालकाला आधी सूचना देऊन वाजवी वेळी जागा पाहण्याचा हक्क आहे. त्याला दारातून परत पाठवू नये. पाहून गेल्यावर त्याला दोष माहीत नव्हता असे म्हणता येत नाही, हे भाडेकरूच्याच हिताचे आहे.

पाणी, वीज आणि दबाव

दुरुस्ती मागितल्यावर नळ बंद होणे, मीटरची वायर काढली जाणे, संडासला कुलूप लागणे, असे प्रकार होतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मालकाला योग्य कारणाशिवाय आवश्यक पुरवठा वा सेवा तोडता येत नाही. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, स्वच्छतेची सोय हे सारे त्यात येते. भाडेकरूने कोर्टात अर्ज केला तर पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश मिळतो. पुरवठा तोडणे हा गुन्हाही आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

वकिलाची फी हा अडसर असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आठवावा. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. नंदुरबार हा आदिवासी बहुसंख्येचा जिल्हा आहे, म्हणजे इथल्या फार मोठ्या लोकसंख्येला ही मदत हक्काने मिळू शकते.

घर पडले तर भाडेदारी संपते का?

पुराने, वादळाने किंवा आगीने जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा ती कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०८ भाडेकरूला देते. हा पर्याय भाडेकरूचा आहे, मालकाचा नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच शहा रतनशी खिमजी आणि सन्स यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले की इमारत पाडली गेली म्हणून भाडेदारी आपोआप संपत नाही, कारण इमारतीच्या भाड्यात तिच्याखालची जमीनही येते. घर खचले म्हणून ‘आता तुमचा संबंध संपला’ असे म्हणणाऱ्या मालकाला हे उत्तर आहे.

मात्र धोकादायक घर सोडून तात्पुरते दुसरीकडे जाताना सावध राहावे. भाडे नियंत्रण कायद्यात योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे हे रिकामे करून घेण्याचे एक कारण आहे. ‘घर राहण्यास धोकादायक झाल्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत मी बाहेर राहत आहे, भाडेदारी सोडलेली नाही’ असे मालकाला लेखी कळवूनच बाहेर पडावे. मालकाला दुरुस्तीसाठी खरोखर जागा रिकामी हवी असेल तर तो कोर्टामार्फत ती मागू शकतो. तिथे भाडेकरूने परत येण्याची इच्छा नोंदवली तर त्याचा परतीचा हक्क टिकतो.

पूर ओसरल्यावर पंचनामा होतो, आणि बहुतेक वेळा मालकाचे नाव लिहून घेतले जाते. घराच्या नुकसानीची मदत मालकाला जाते हे ठीक. पण कपडे, भांडी, संसार वाहून गेला तो भाडेकरूचा. त्या नुकसानीसाठी आपत्ती मदतीच्या निकषांत वेगळी मदत आहे. पंचनाम्यात आपले नाव आणि आपले सामान स्वतंत्र लिहून घ्यायला लावणे हे भाडेकरूने तिथल्या तिथे करायचे काम आहे.

जीवालाच धोका असेल तर पंधरा दिवस मोजत बसू नये. पडायला आलेली आणि लोकांना इजा करू शकेल अशी इमारत दुरुस्त करण्याचा किंवा पाडण्याचा आदेश प्रांताधिकारी देऊ शकतात. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. तिला भाडे कायद्याची अनुसूची लागत नाही, गाव कोणते हेही ती विचारत नाही. अर्ज भाडेकरू करू शकतो, शेजारी करू शकतो, ग्रामपंचायतही करू शकते.

मालकाची बाजू, आणि मुंबईचा धडा

मालक सगळे निष्ठुर नसतात. ‘इतक्या भाड्यात स्लॅब कशी दुरुस्त करू?’ हा प्रश्न खोटा नाही. १९४७ च्या कायद्याने मुंबईत भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडे गोठले, सिमेंट-लोखंडाचे भाव वाढत गेले, आणि मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात गैरवाजवी झाल्याचे सांगितले. १९९९ च्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय आली ती या पार्श्वभूमीवर.

दरम्यान १९६९ साली सरकारला मुंबई शहरात इमारत दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. उपकर घेऊन १९,६४२ जुन्या इमारतींची जबाबदारी त्याकडे आली. ते मंडळ आता म्हाडाचा भाग आहे आणि दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. दुरुस्ती पुढे ढकलली की किंमत कोण मोजतो, हे या शहराने पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

प्रकाशात भाडे १९४० ला गोठलेले नाही, ते दोघांनी बोलून ठरवलेले असते. म्हणून ‘भाडे कमी’ ही सबब इथे तितकी चालत नाही. भाडे ठरवताना दुरुस्तीचा खर्च धरण्याची मालकाला पूर्ण मोकळीक आहे. आणि मुंबईच्या भाडेकरूला निदान मंडळ आहे, यादी आहे, संक्रमण शिबिर आहे. गावातल्या भाडेकरूच्या पाठीशी यातले काही नाही.

पुढे काय व्हायला हवे

केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेदारी कायद्याचा नमुना मंजूर केला. त्यात कामांची वाटणी स्पष्ट आहे: घराच्या ढाच्याची दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप आणि वीजजोडणी मालकाकडे, नाली साफ करणे, बटणे, खिडकीच्या काचा यांसारखी कामे भाडेकरूकडे. हा नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. तरी ही वाटणी आजच कोणीही आपल्या करारात उतरवू शकतो. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या घरभाड्यात ढाचा आणि पाणी-वीज-गॅसच्या सोयींची दुरुस्ती मालकावर टाकली आहे, आणि ही जबाबदारी नुसत्या कराराने भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही. आपल्या कलम १४ मध्ये ‘उलट करार नसेल तर’ ही पळवाट ठेवलेली आहे. छापील करारात एक ओळ घातली की कर्तव्य संपते. इंग्लंडमध्ये २०२० साली रॉचडेलच्या भाड्याच्या घरात बुरशीमुळे दोन वर्षांचे मूल दगावले, तेव्हा २०२३ मध्ये सामाजिक गृहनिर्माणाच्या कायद्यात ओल-बुरशीच्या दुरुस्तीला मुदत ठरवण्याची तरतूद झाली. ओल ही सोयीची बाब नाही, आरोग्याची आहे, हे त्या देशाने कायद्यात लिहिले.

महाराष्ट्रात तीन गोष्टी व्हायला हव्यात आणि त्या अशक्य नाहीत. पहिली: कलम २ मधला अधिकार वापरून सरकारने भाडे नियंत्रण कायदा प्रत्येक ग्रामपंचायतीला लागू करावा. छपराखाली झोपणाऱ्या माणसाचा हक्क त्याचे गाव यादीत आहे की नाही यावर ठरू नये. दुसरी: पाया, भिंत, छप्पर यांच्यापुरती ‘उलट करारा’ची मुभा काढून टाकावी आणि जीवाला धोका असेल तिथे एक-चतुर्थांशाची मर्यादा शिथिल करावी. तिसरी: ग्रामपंचायतींनी पावसाळ्याआधी भाड्याच्या जुन्या घरांची पाहणी करून धोकादायक घरांची यादी तहसीलदारांकडे द्यावी, आणि सुरुवात स्वतःच्या गाळ्यांपासून करावी.

पहिल्या दोन गोष्टींसाठी आमदारांकडे आग्रह धरावा लागेल, त्याला वेळ लागेल. तिसऱ्या गोष्टीला मुंबईहून काहीच यायला नको. ग्रामसभेत एका भाडेकरूने विषय मांडावा, तिघांनी अनुमोदन द्यावे आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा. मतदार यादीत नाव असलेला भाडेकरू ग्रामसभेचा सदस्य असतो, तिथे बोलण्याचा त्याचा हक्क घरमालकाइतकाच आहे. तो त्याने वापरावा, आणि मालकांनीही त्याला साथ द्यावी. वेळेवर झालेल्या दुरुस्तीने राहणाऱ्याचा जीव वाचतो आणि मालकाची वास्तूही.